वरच्या फळीवरचा केक

३ फेब्रु., मंगळवार
काउंटरच्या वरच्या फळीचा गारवा पुन्हा कमी. काचेला घाम. सकाळपासून तीनदा पुसली. कल्पनाताई म्हणाल्या, "अगं, केक विकायचेत की काच?" मी म्हटलं, काच चकचकीत असेल तरच केक विकला जातो. त्या हसल्या.
या कॉफी शॉपमध्ये मला सगळं त्यांनीच शिकवलं. मागच्या फ्रीजमधून जुना केक आधी काढायचा, नवा मागे सारायचा. कापलेली बाजू गिऱ्हाइकाकडे. बिनअंड्याचे वर, अंड्याचे खाली. हिरव्या मुठीची सुरी फक्त वरच्यांना. आणि इनचार्ज कोण, तर मी. का, तर मला कॉम्प्युटर येतो. त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

४ फेब्रु., बुध.
आजचं सगळं लिहून ठेवते.
सरांना रोज आठ वाजता ग्रुपवर काउंटरचा फोटो लागतो. दुकान त्यांचं, हौस त्यांची. फळी रिकामी दिसली की लगेच प्रश्नचिन्ह. आज बेकरीची गाडी लेट, वर बिनअंड्याच्या चॉकलेट केकचे दोनच तुकडे. मी काय करावं? खालचा अख्खा चॉकलेट केक उचलून वर ठेवला, 'बिनअंड्याचे' लिहिलेल्या हिरव्या पाटीमागे. फोटोपुरता. क. ताई म्हणाल्या, "राहू दे गं रिकामी. फळीच आहे ती." ऐकलं नाही. फोटो झकास आला. सरांचा अंगठाही आला.
मग दूधवाला, मग बिलाचं मशीन अडलं. केक खाली ठेवायचा राहून गेला.
साडेनऊला अण्णा आले. दर बुधवारी गुडघ्याचे व्यायाम उरकून येतात. कासारवाडीतलं जुनं शेतकरी घर, शेतावर आता इमारती. गळ्यात तुळशीची माळ. दात उरलेत चार, म्हणून केक. बसायच्या आधी ठरलेला प्रश्न, "पोरी, ह्यात अंडं न्हाई ना?" माझं ठरलेलं उत्तर, "नाही, अण्णा."
आजही तेच म्हटलं. ते दोन तुकडे तोवर संपले होते, म्हणून अख्खा कापला, तोही हिरव्या मुठीच्या सुरीनं. त्या वेळी मनात जराही शंका आली नाही.
अकरा वाजता खालची फळी रिकामी दिसली आणि मी झटकन वर पाहिलं. वरच्या केकमधला एकच तुकडा गेला होता. अण्णांचा.

५ फेब्रु.
सरांनी फोटो मोठा करून पाहिला. अंड्याच्या केकवर चॉकलेटचा कीस असतो, त्यावरून ओळखला. आले ते तडक काउंटरवर. "हा वर कुणी ठेवला?" सकाळच्या मांडणीच्या कागदावर सही क. ताईंची. मी फोटो काढत होते ना, म्हणून सही त्यांनी केलेली.
ताईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी बोलणार होते. खरंच बोलणार होते, पण
"चुकलं, सर," त्या म्हणाल्या.
सर म्हणाले, सोमवारपासून हिंजवडीच्या शाखेत जा. ताई राहतात कुरुळीला. तिथून हिंजवडी म्हणजे दोन्ही वेळच्या ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य. जाणार नाहीत, हे सरांनाही ठाऊक असणार. ताईंनी एप्रन काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला.
माझ्याइतकी भित्री बाई मी पाहिली नाही.

८ फेब्रु., रवि.
बाबांना सांगितलं. पस्तीस वर्षं कंपनीत काढलेला माणूस, थोडक्यात बोलतो. म्हणाले, "आपल्या घरात अंड्याचा विटाळ नाही. त्यांच्या घरात आहे. तुला माहीत होतं."
मग चष्मा काढून पुसत बसले. मला कळलं कशामुळे. पहिल्या दिवशी अण्णांनी मला आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बरं, दे केक." तेव्हा बाबांना हे सांगितलं होतं, तर असेच चष्मा पुसत बसले होते. त्यांच्या लहानपणी अशा घरांत आपल्या माणसाला पाणीसुद्धा वरून ओतायचे.
आणि मी त्याच माणसाला काय खाऊ घातलं.

११ फेब्रु., बुध.
अण्णा आले. मी आधी मागे पळाले, कप मोजायला. कप कशाला मोजायचे?
"पोरी, मागल्या बुधवारचा लई मऊ व्हता गं. तसलाच दे."
म्हटलं, तो आज नाही आला. त्यांनी साधा घेतला. ठरलेला प्रश्न, ठरलेलं उत्तर. उत्तर खरं होतं, तरी देताना मी बशीकडेच बघत होते. जाताना म्हणाले, "ती दुसरी बाई दिसंना?"
"सुट्टीवर आहेत."
आणखी एक खोटं. सांगितलं तर त्यांनी मला शिव्या घातल्या तरी चालेल. पण 'ह्या लोकांना काय कळतंय' असं म्हणाले तर? ते ऐकायची माझी हिंमत नाही. आणि न ऐकताच ते त्यांच्या तोंडी घालणारी मी कोण?

१३ फेब्रु., शुक्र. (सुट्टी)
कुरुळीला गेले. क. ताईंचे यजमान पहिल्या शिफ्टला गेलेले, त्या मटार सोलत होत्या. मी रडले. त्यांनी मटाराचं ताट माझ्या पुढ्यात सरकवलं. "रडता रडता सोल. हात मोकळे नको."
मी विचारलं, तुम्ही का नाही बोललात?
"तू बोलशील म्हणून थांबले होते."
मी पुढची शेंग उचलली.
निघताना म्हणाल्या, "मला काम मिळंल. सरांचं तू बघ. पण अण्णांना सांग. त्यांनी तो केक माझ्या शब्दावर नाही खाल्ला गं."

१८ फेब्रु., बुध.
गाडी पुन्हा लेट. वरची फळी अर्धी रिकामी. तसाच फोटो टाकला. सरांचं प्रश्नचिन्ह आलं. लिहिलं, 'चार तारखेला अंड्याचा केक वर मी ठेवला होता. कल्पनाताईंनी अडवलं होतं.' सरांचं उत्तर, 'संध्याकाळी येतो.' येऊ देत.
साडेनऊला अण्णा. तुकडा कापून बशीत ठेवला.
"ह्यात अंडं न्हाई ना?"
"आज नाही, अण्णा."
"आज न्हाई म्हंजी?"
सगळं सांगितलं. फळी, फोटो, पाटी. ते उभेच होते. हात माळेवर गेला. मला वाटलं, आता ते वाक्य येणार. आलं नाही.
"तुला कवा कळलं?"
"त्याच दिवशी. अकरा वाजता."
"मंग मागल्या बुधवारी मी आलो व्हतो की."
एवढंच म्हणाले. काठी घेतली आणि हळूहळू पायऱ्या उतरून गेले. शिव्या परवडल्या असत्या.
बशी तशीच राहिली. तो तुकडा डब्यात झाकून मागच्या फ्रीजमध्ये ठेवलाय, वर आजची तारीख घालून. दोन दिवस टिकतो.
अण्णा येतात बुधवारी.