आपल्या विहिरीचं पाणी

बाबा, तुमच्या विहिरीचं पाणी तपासून आलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्या उमेळे गावात ती तुमचीच विहीर. अजूनही लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बाया बँड लावून येतात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी कळशीत भरून नेतात. रिपोर्टात लिहिलंय, नायट्रेट जास्त आहे, तान्ह्या बाळांना हे पाणी देऊ नये.

विहिरीला लागून आपलं बावखल, वाडी शिंपायचं तळं. आजोबा दर उन्हाळ्यात त्यातला गाळ उपसून केळींच्या बुंध्याशी घालायचे. मग युरियाच्या गोण्या आल्या आणि तुम्हाला गाळात उतरायची लाज वाटायला लागली. एका मुठीच्या जागी तुम्ही दोन मुठी टाकायचात. पावसात ते सगळं वाहत बावखलात, तिथून झिरपत विहिरीत. एकदा तुम्ही फवारणीचा पंप बावखलात धुताय, मी काठावर उभी राहून म्हणतेय, "शाळेत बाईंनी सांगितलंय, पाण्यात औषध धुवू नये." तुम्ही वरसुद्धा बघत नाही. "वाडी तुझी बाई पिकवते का मी? पानी कधी बाटतं का?" मला तुमचा राग आहे, बाबा, आणि तुम्ही गेलात म्हणून तो कमी झालेला नाही. दादानेही पुढे तुमचाच कित्ता गिरवला.

परवा चर्चच्या हॉलमध्ये गावाची बैठक झाली. नव्या बिल्डिंगांच्या सांडपाण्याने विहिरी नासल्या, असं सगळ्यांचं म्हणणं. आपल्या वाडीच्या वरच्या अंगाला एकही बिल्डिंग नाही, हे मला ठाऊक होतं. रिपोर्ट पर्समध्ये होता, तरी मीही तावातावाने बिल्डरला शिव्या घातल्या. शेजारची सून तीन महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन बसली होती. तिला दूध पुरत नाही, म्हणून पावडरचं दूध तुमच्याच विहिरीच्या पाण्यात कालवते.

"आंटी, तुमच्या विहिरीचं तरी चांगलं आहे ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला तुमचं नाव सांभाळायचं होतं. मी म्हणाले, "चांगलंय गं. उकळून घेत जा, म्हणजे झालं."

उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट वाढतं. लॅबवाल्याने हे मला दोनदा बजावलं होतं. माझ्या नातवासाठी रिपोर्ट आला त्याच दिवसापासून बाहेरून पाण्याचा जार येतो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. खरं तर तुम्हाला नाही, तिला लिहायला हवं होतं. आज सकाळी ती पाण्याला आली तेव्हा मी तिच्या भरलेल्या कळशीला हात लावला, उचलून तिच्या कमरेवर दिली.