पूजेतलं चाक

आप्पा, मी आजही म्हणते, पूजेत मांडलेलं ते चाक मी उचललं ते बरोबरच केलं. तुम्ही असता तर पुन्हा भांडला असता आणि मी पुन्हा उचललं असतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपलं गॅरेज कुठे होतं हे सोलापूरच्या नव्या पेठेतल्या जुन्या दुकानदारांनाही आता आठवावं लागतं. माझा राग मात्र आहे तिथेच आहे. ज्याच्यावर आहे त्यालाच तो सांगावा, म्हणून लिहायला बसले.

दुष्काळ सरला होता आणि गिऱ्हाइकं पुन्हा गाड्या दुरुस्तीला आणू लागली होती, तेव्हाची गोष्ट. मिलिटरीच्या लिलावातून तुम्ही भंगार म्हणून आणलेली मोटारसायकल वर्षभर कोपऱ्यात पडून होती. एक दिवस तुम्ही हसत म्हणालात, "घे, तुला दिली. चालू झाली तर तुझी." तुम्हाला वाटलं ती चालू व्हायची नाही. ती चालू झाली, आणि तिथूनच आपलं बिनसलं. मला पाने धरायला तुम्हीच शिकवलं होतं, टॅपेट थंड इंजिनावरच बसवायचे हेही तुम्हीच. गिऱ्हाइकांच्या गाड्यांची ट्रायल मारायला मला पाठवत होता, पण गावाबाहेर कुंभारीपर्यंत जाऊन परत, त्याच्या पलीकडे चाक जाता कामा नये. मुलगी गाडी दुरुस्त करते याचं तुम्हाला कौतुक होतं. ती गाडी घेऊन मुलगी कुठे जाईल, हा विचार तुम्ही केलाच नव्हता.

मी समुद्र बघायला जाणार म्हटलं, तेव्हा तुम्ही कार्बोरेटर पुसत होता. "कशापायी?" तुम्ही विचारलंत. "तितं कोण हाय आपलं?" मी म्हटलं, कोणी नाही. आजी मेंढरांमागे बेळगावापर्यंत चालत गेली, तिला कुठे कोणी अडवलं होतं? तर तुम्ही म्हणालात, "ती पोटासाटी गेलती. तू कशासाटी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." यावर तुम्ही ओरडलात.

तरी मी कामाला लागले. नवरात्रभर गाडी उघडलेली होती. नुसत्या डांबरी रस्त्यावर भागणार नव्हतं. घाट होता, ओढे होते, कच्च्या वाटा होत्या. सायलेन्सर वाकवून मी वर घेतला, पाण्यात बुडू नये म्हणून. हँडल रुंद केलं, मागे सळयांचा कॅरिअर जोडला, समोरच्या शॉकअपमध्ये नवं तेल भरलं. चेन ग्रीसमध्ये उकळायला आईचं पातेलं घेतलं, तर ती म्हणाली, "आता ह्यात आमटी करून तुलाच वाडते बघ." घाट चढायला मागचं दातेरी चक्र मोठं हवं होतं. यंत्रमागांचे सुटे भाग कातणाऱ्या तेलुगू लेथवाल्याकडे गेले, तर त्याने विचारलं, "अम्मा, एवडा मोठा चक्कर कशाला? डोंगर चडनार काय?" मी हो म्हटलं. तो हसला नाही, मापं घ्यायला लागला. सबंध सोलापुरात मला न हसलेला तो एकटाच माणूस.

आणि मग खंडेनवमी. मी दसऱ्याला पहाटे निघणार होते, फक्त मागचं चाक बसवायचं राहिलं होतं. सकाळी येते तर तुम्ही अंघोळ करून, कपाळाला गंध लावून उभे. इतर वर्षी आईने दहादा हाका मारल्यावर संध्याकाळी कुठे पूजा मांडणारे तुम्ही, त्या दिवशी गल्लीत सगळ्यांच्या आधी पूजा मांडून मोकळे. सगळे पाने रॉकेलने धुऊन ओळीने लावलेले, त्यावर झेंडू, आणि मधोमध देवासारखं बसवलेलं माझं चाक. नव्या टायरच्या खाचांमध्ये हळदकुंकू. मला हसू आलं आणि लगेच डोकं फिरलं. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं. मला अडवायला तुम्ही देवाला मध्ये घातलंत, आप्पा.

"चाक द्या," मी म्हणते.

"पूजेतलं हाय. उद्या संध्याकाळी सोनं वाटून झालं की घे."

उद्या संध्याकाळपर्यंत काका, मामा, सगळी भावकी सोनं द्यायला येणार आणि मी अडकणार. आई मधे पडते, "उत्तरपूजा झाल्याबिगर उचलू ने गं, बाई." मी फुलं बाजूला ठेवते आणि चाक उचलते. मग पाना उचलते. तुम्ही हात उगारता. मी तशीच उभी राहते. हात हळूहळू खाली येतो. दिवसभर तुम्ही दारात पाठ करून बसलात. मी नट आवळून चाक फिरवलं तेव्हा मात्र न वळताच म्हणालात, "चेन लई ताणलीस. आवाजावरनं कळतंय. वर वजन पडलं की तुटंल." मी ती सैल केली, पण तुम्हाला हात लावू दिला नाही.

पहाटे निघाले. तुम्ही कुंभारीची हद्द घातली होती, म्हणून मी उलट दिशेला, मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागले; निदान तेवढा तरी तुमचा शब्द मोडला नाही. मिरज, कोल्हापूर, मग घाट. चिखलात दोनदा पडले. समुद्र दिसला तेव्हा साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. भूक लागली होती, आणि मी फार खूश होते.

परत आले तर तुम्ही गिऱ्हाइकांना सांगत होता, "आत्याकडं गेलती. काम होतं." तुमच्या तोंडावर, गिऱ्हाइकासमोर, मी म्हटलं, "काम काही नव्हतं. समुद्र बघायला गेलते." त्याबद्दल तुम्ही महिनाभर अबोला धरलात. धरा. मला खोटं कारण नको होतं.

मग एका दुपारी, प्लग घासता घासता, माझ्याकडे न बघता तुम्ही विचारलंत, "नजर जाईल तितवर पाणीच आसतंय व्हय गं?"

मी म्हटलं, "मागं बसा, दाखवते."

तुम्ही हसलात. "मी? मी कशापायी? माजं काय काम हाय तितं?"

जन्मभर लोकांच्या गाड्या लांबच्या वाटेला लावून दिलेल्या माणसाने हे विचारावं, याचा मला तेव्हा राग आला, आज त्याहून जास्त येतो. माझ्यावर ओरडलात ते एक वेळ सोडून देईन. स्वतःलाही तुम्ही तसंच अडवलंत, ते नाही सोडणार.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. एवढंच सांगते. त्या दुपारनंतर पुढच्याच आठवड्यात मी गाडीला मागे पाय ठेवायला दोन दांड्या जोडल्या. तुम्ही विचारलंत, "ह्या कशाला?" मी म्हटलं, "सामान बांधायला." सामानासाठी नव्हत्या त्या, आप्पा.