कुलूपबंद निरोप

वसमत, दि. ११ मार्च २०२४

चि. शिवशंकर यास,

मी, व्यंकटराव किशनराव, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, हळदीच्या बाजाराच्या फाटकावरील निवृत्त जमादार, पूर्ण शुद्धीवर राहून लिहितो की, येथे सर्व ठीक आहे. हळद शिजवण्याचे दिवस आहेत. तुळशीस पाणी मी घालतो. सौ. प्रेमास आशीर्वाद कळवावा. तिला हे प्रथमच लिहीत आहे.

तुझ्या आईच्या दहाव्याला नदीघाटावर तू म्हणालास, "बाबा, आईचा निरोप मला आलाच न्हाई." मी चारचौघांत ओरडलो, "तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर बराबर धाडला व्हता. आई गेल्यावर तरी खरं बोल!" तू उठून गेलास.

आईच्या आवाजातील तो निरोप ज्याच्या दुकानातून धाडला, त्या संगणक केंद्राच्या रतनसिंगाने काल मेल उघडून दाखविला. निरोप तुझ्या कंपनीच्या दारातूनच परतला होता. तसे कळविणारे इंग्रजी उत्तर त्याच्याकडे न वाचता पडून होते.

"काका, फाइलीला पासवर्डचं कुलूप लाव म्हणून तुमीच बसले ना अडून? कुलूपबंद फाइल त्यांना तपासता येत न्हाई. आत विषाणू असंल म्हणून बाहेरच अडवतात."

नोकरी लागली तेव्हा तू आईस हसून म्हणाला होतास, "मी बी बाबांसारखाच फाटकावर बसतो, मेलच्या. कंपनीत काय आत सोडायचं ते मी ठरवतो." म्हणजे नियम तुझाच.

कुलूप माझे. घरच्या बाईचा आवाज दुकानातील पोरांनी ऐकू नये, म्हणून. शेजारचा खेमा म्हणाला होता, "भाऊ, सरळ फोन लावा की. लेकरूच हाय तुमचं. माय वाट बघून राहिली." मी त्यास गप्प केले.

तोंड शिवलेले पोते जो उघडू देत नसे, त्याची गाडी मीही फाटकावरून माघारी लावीत असे. तुझ्या नियमास दोष देता येत नाही. याचाच संताप अधिक आहे.

तू प्रेमाशी लग्न केलेस तेव्हा मी बजावले होते, "मी बोलावल्याबिगर उंबरा चढायचा न्हाई." तो हुकूम तू तंतोतंत पाळलास. तुझी आई दाराकडे पाहत गेली. मी समजलो, ऐकूनही तू आला नाहीस.

निरोपात ती म्हणते, "शिवा, एकदा येऊन जाय रे. प्रेमाला घेऊन ये." पुढे खोकला आहे. त्यापुढे पुरुषाच्या आवाजात एकच शब्द आहे, "ये."

तो आवाज माझा.

तोच निरोप आज कुलूप काढून पुन्हा पाठविला. दुकानातील सर्वांनी ऐकला.

तुझा पिता,
व्यंकटराव

निरोप ध्वनिमुद्रित करतेसमयी समक्ष हजर:
खेमा, शेजारी.
मंजुळाबाई, तुझी आई, तेव्हा हयात.