वाहरूच्या स्टार्टरचा आवाज

मंगळवार, ४ फेब्रुवारी

फोन गाडीच्या टेपला जोडतो, तुटतो. पुन्हा जोडतो. शहाद्याहून प्रकाशा गावापर्यंत चार वेळा! पडद्यावर नाव येतं, जोडला म्हणून लिहून येतं — आणि आवाज नाही. दुपारपासून अंगणात गाडीत बसून हेच करतोय. बायको, चेतना, म्हणाली, "अंथरूण गाडीमाच टाकी देऊ का?" हसलो. हसायची जागा होती म्हणून.

परवा रविवारी वाहरूचा फोन याच टेपवर घेतला. कळसाडीचा वाहरू, तीन एकर ऊस, मोटर-दुरुस्तीचं जुनं गिऱ्हाईक. पंपाचा स्टार्टर वेगळाच आवाज करतोय म्हणाला. मी सांगितलं, चालू दे. दहा मिनिटांत स्टार्टरच्या पेटीत भडका उडाला. त्याचा उजवा हात भाजला.

टेपमधून मला नीट ऐकू आलं नसणार. तेवढं एकदा नक्की व्हायला पाहिजे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

रनाळ्याहून शहाद्यात आलो तेव्हा हातात एक पाना होता. बाकी सगळं कानांनी कमावलं. अजून कुठूनही फोन येतो — "दादा, मोटर ऐका." माणूस फोन मोटरीला लावतो. मी चालत्या गाडीतून सांगतो, बेअरिंग गेलं, नाहीतर वायंडिंग जळायला आलं. थरथरणारा स्टार्टर तर झोपेतही ओळखेन. ओळखला असता तर म्हणालो असतो — हात लावू नको, आधी खांबावरून लाइन बंद कर! म्हटलं नाही. म्हणजे आवाज पोचलाच नाही.

आज करून बघितलं. चेतनाला दुकानात मोटरीजवळ फोन धरून उभं केलं, मी रस्त्यावर गाडीत. तिचा आवाज खणखणीत. मोटर गायब!

"अगं, मोटर चालू कर ना!"

"कव्हयनी चालू शे! बहिरा व्हयनात का?"

टेपच्या यादीतून फोन काढला, परत जोडला. टेप बंद केला, चालू केला. फोनही बंद-चालू. तेच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, वाहरूची दोन बोटं जातील. गाडी धुतली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

शकीलकडे गेलो. गाड्यांचे टेप बसवण्यात त्याचा हात धरणारा शहाद्यात नाही. त्याने स्पीकर तपासले, मागच्या वायरी तपासल्या, आपला फोन जोडून बघितला. मग मांडी घालून बसला.

"शेठ, टेप ठीक आहे. नवे फोनच शहाणे झालेत. माणूस बोलला की पुढे पाठवतात. पंखा, मोटर, एकसारखी घरघर — कचरा समजून गाळून टाकतात."

"पण माझा धंदाच घरघरीवर आहे रे!"

"मग फोनला सांगा ना, मी नवनीतशेठ आहे म्हणून!"

दुकानातले सगळे हसले. मीही. येताना गाडी थांबवून रसवंतीवर दोन ग्लास प्यायलो. हलकं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. पण कळलं — फोनची चूक.

रविवार, ९ फेब्रुवारी

नंदुरबारला दवाखान्यात वाहरूला भेटलो. हाताचा पांढरा गठ्ठा उशीवर ठेवलेला. मी त्याला सगळं समजावलं — फोन आवाज कसा गाळतो, शकील काय म्हणाला, चेतनाला दुकानात कसं उभं केलं. अर्धा तास तरी बोललो असेन. तो मान हलवत होता. त्याची बायको रूपलीबाई माझ्यासाठी चहा घेऊन आली.

निघताना तो म्हणाला, "जाऊ द्या दादा. मशीन शे, चुकस."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

फोन तुटणं काही थांबत नाही. पुन्हा शकील.

"जागाच उरली नाही यात, म्हणून अडकतो. प्रत्येक कॉल आपोआप साठवतोय, शेठ! सहा हजारांच्या वर झालेत. माहीत नव्हतं?"

नव्हतं.

"उडवू सगळे?"

त्याचं बोट काचेवर टेकणार, तेवढ्यात मी फोन काढून घेतला. म्हणाला, "काय शेठ, कोणाकोणाशी बोलता?"

दोन तारखेचाही असेल त्यात.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आहे. रविवार, दुपारी एक वाजून वीस. नाव वाहरू. लांबी अकरा सेकंद. ऐकला नाही. एका बोटाचं काम आहे, पुसलं की झालं. पुसलाही नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी दुकान उघडायच्या आधी गाडीत ऐकला. नेमका आज फोन एकदाही तुटला नाही.

वाहरू — "दादा, स्टार्टर काई येगळंच बोली ऱ्हायना. थांबा, फोन जवळ लई जास."

मग त्याच्या चपलांचा आवाज. वाळलेल्या पाचटावरून चाललाय, कुरकुर, कुरकुर. चार पावलं मोजली. पाचव्याच्या आत माझा आवाज, मजेत — "काई नही रे, चालू दे!" आणि फोन ठेवला.

तो स्टार्टरपर्यंत गेलाच नव्हता. गाळायला आवाजच नव्हता. मी कशाच्या घाईत होतो, ते आठवत नाही. रस्ता मोकळा होता. गाणं लागलेलं होतं बहुतेक. कॉल संपल्यावर ते आपोआप पुढे सुरू झालं असेल.

दुकान उघडलं. दोन मोटरी सोडवल्या.

रविवार, १६ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो. तो कॉल लावून फोन वाहरूच्या कानाला धरला. त्याने पूर्ण ऐकलं.

"माले ते पहिलेपाइन माहीत शे, दादा. पाचटवर चाली कोन ऱ्हायंता? मीच ना!"

"मंग त्या दिवशी बोलना का नही?"

"तुम्ही अर्धा तास फोननीच गोष्ट सांगत ऱ्हायनात."