ओट्यावरची सुई

बिडकीन,
२ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,

धाकट्या सम्यकचा सप्रेम जयभीम. शाळेत सा. न. वि. वि. लिहायला शिकवलं होतं, पण कुठल्या अक्षराचा अर्थ काय ते कधीच ध्यानात राहिलं नाय, तेव्हा जयभीमवर भागव.

हे पत्र मी लई दिवस टाळलं. कागद घेतला की काहीतरी निघायचंच. एकदा रंगकामावर गेलो, एकदा अजिंठ्याला दोस्ताच्या टपरीवर टुरिस्टांना चकाकते दगड विकत बसलो. तिथं एक म्हातारा फ्रेंच माणूस आला, दगड घेईना, नुसता माझ्याकडून मराठी शिकत बसला. दिवसभर एकच शब्द घोकला बिचाऱ्यानं, उद्या. असो. मोबाईल तिथंच हरवला. आईच्या फोनवरून बोलावं तर ती शेजारी येऊन बसती, अन् परीक्षेपायी तुमच्या होस्टेलात फोन मेट्रनकडं जमा. आपल्या गल्लीतली मोनिका इथून रोज तुमच्या कॉलेजला जाती, तिच्याच हाती देतो.

ताई, आपली शेजारची दगडामावशी गेली. परवा, शुक्रवारी, शहरातल्या सरकारी दवाखान्यात. कमरेखाली सुईचं गळू झालं होतं, ते पिकलं. साखर होतीच, विष अंगभर पसरलं. अन् ती सुई आईनं दिली होती.

तुला खरं वाटणार नाय म्हणून सगळं सांगतो. बाबा गेल्यावर तुझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष अर्धवट सुटलं अन् तू चितेगावच्या दवाखान्यात लागलीस, तवापासून तू ड्यूटीवरून आली की आपल्या ओट्यावर गल्लीतल्या बायका बसलेल्या असायच्याच. कंपनीत दिवसभर उभं राहायचं, गुडघे धरायचे, एक सुई घेतली की शिफ्ट निघायची. दवाखान्याच्या रांगेत बसावं तर खाडा. तू सुई द्यायची, आई सुया-औषधांची पेटी धरायची, कापूस द्यायची. यंदा आषाढात वर्षावास लागताना तू पुन्हा कॉलेजला गेलीस, पेटी फळीवर राहिली. बायका येऊन बसतच राहिल्या. आई आधी नाय म्हणाली. मग तिनं ठरवलं की पोर परत येईस्तोवर माणसं दुसऱ्याच्या दारी जायला नकोत. मला दिवाळीत आलो तवा कळलं, पण तुझी परीक्षा म्हणून गप बसलो. खरं तर काय लिहावं तेच सुचेना.

पोलीस एकदा येऊन सुई कुणी दिली ते विचारून गेले. गल्लीत कुणी तोंड उघडलं नाय. मावशीचा पोरगा अप्पाराव ओरडत फिरतोय की तो हात शोधून काढीन. म्हणून सांडूमामानं घरी बसून तोड काढली. मावशीला सुई टोचली त्या रविवारी तू सुट्टीला आली होतीस अन् ती तूच दिली, असं तू सांगायचं. मामाचं म्हणणं, सरिता नर्स हाय, नर्सनं सुई दिली तर गुन्हा कसला, फार तर साहेब रागावतील. आईनं दिली म्हटलं तर आई आत जाईल. मलाबी ते पटलं. तू हुशार हायस, दोन वाक्यांचं काम हाय. बघ.

आईचं जेवण कमी झालंय. तिला या पत्राचं माहीत नाय. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
सम्यक

छत्रपती संभाजीनगर,
४ नोव्हेंबर २०२५

चि. सम्यकास,

अ. आ. तुझं पत्र मोनिकानं दिलं तेव्हा मी जेवायला बसले होते. ताट तसंच उचललं.

दगडामावशी गेली हे मला माहीत नव्हतं, पण ती आजारी होती हे माहीत होतं. महिन्यापूर्वी आमची पाळी सर्जरीच्या वॉर्डात होती. तिची जखम मीच धुवायचे. माझी मूठ मावेल एवढा खड्डा पडला होता. पू काढताना ती माझा एप्रन घट्ट धरायची. मी तिला विचारलं, कुणी टोचलं. चांगलं खडसावून विचारलं, वर असंही म्हणाले की ज्यानं टोचलं त्याचे हात तोडले पाहिजेत. तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली की असू दे गं बाई, हात मायेचा होता. मला वाटलं, तापात बरळतेय. पाळी बदलली आणि मी दुसऱ्या वॉर्डात गेले, पुन्हा तिच्याकडं जायला जमलं नाही.

आता मामाच्या तोडीचं. मामाला सांग, मी अजून नर्स नाही. हे वर्ष पास झाले आणि नाव नोंदलं गेलं की मग नर्स. आणि नर्सलासुद्धा डॉक्टरनं सांगितल्याशिवाय ओट्यावर बसून सुई देता येत नाही. मी दिली असं म्हटलं तर कॉलेज मला त्याच दिवशी काढेल आणि पुन्हा कुठंच घेणार नाही. इथं माझ्या वर्गातल्या पोरी मला काकू म्हणतात. त्यांच्या पुस्तकांत माझ्या वेळचं काहीच उरलेलं नाही, सगळं नव्यानं पाठ करते. शनिवार-रविवार चितेगावला ड्यूटी करते आणि सोमवारी वर्गात डोळे उघडे ठेवते. हे मी दोन वाक्यांत देऊन टाकू? आणि ज्या रविवारचं मामा बोलतो, त्या रविवारी मी चितेगावच्या दवाखान्यात सह्या केल्यात. खोटं एका दिवसात उघडं पडेल.

मी सुई द्यायचे ते वेगळं. मला येत होतं. सुई कुठं मारायची, कुणाला मारायची नाही, हे मला शिकवलेलं होतं. आईनं नुसतं बघितलं. बघून भाकरी येते, हे येत नाही.

म्हणून मी आत्ता येणार नाही आणि खोटंही बोलणार नाही. आईला सांग, पोलिसांना खरं ते सांग. सगळं खरं. लपवलं तर जास्त वाईट होईल. पेटीतलं काही फेकू नका. अकराला माझा पेपर आहे, बालकांच्या आजारांचा, तो झाला की मी येते आणि वकिलाचं बघते. कठोर लिहिलंय, मला कळतं. पण तूच सांग, आणखी कसं लिहू?

तू कुठं जाऊ नकोस. निदान आठ दिवस तरी एका जागी बस, फ्रेंच माणसाला थांबू दे. आईला नीट जेवू घाल.

तुझी,
ताई

बिडकीन,
१० नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,

सप्रेम जयभीम. मी कुठं गेलो नाय. घरीच हाय.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. हात तोडायची ओळ गाळली. मधेच का थांबलास म्हणून तिनं विचारलं, तवा तीबी वाचली. ती भाकऱ्या थापत होती. परातीतलं पीठ संपलं तरी परात थापटत राहिली. मग म्हणाली की पोरीचं बरोबर हाय. तेवढंच. मामा येऊन आरडला की लेक शिकली अन् आईला विकलं, तर आईनं त्यालाच बाहेर काढलं.

काल सकाळी आई उठली, पांढरं लुगडं नेसली, विहारात वंदना करून आली अन् मला म्हणाली की मागं येऊ नको. मी गेलोच, जरा लांबून. आधी ती अप्पारावच्या दारी गेली. भर उन्हात, सगळी गल्ली दारात उभी. अप्पारावला तिनं सांगितलं की तुझ्या आईला सुई मी दिली, तू हात शोधत होतास तो हा. मला वाटलं आता तो मारणार. मी धोंडा उचलला होता, खोटं कशाला सांगू. पण अप्पाराव खाली बसला अन् लेकरासारखा रडला. म्हणाला की आई मरेस्तोवर तुमचंच नाव घेत होती, गोजरबाई जेवली नसेल, तिला डबा पाठवा. मग त्यानं दार लावून घेतलं.

तिथून आई पायीच पोलीस ठाण्यात गेली. मला आत घेतलं, लिहून घेताना मी समोरच होतो. ताई, पुढचं नीट वाच. साहेब वाईट नव्हते, तिला खुर्ची दिली. सुई तूच दिली का, तर व्हय. तू डॉक्टर का, तर नाय. मग सुई द्यायला कुणी शिकवलं म्हणून विचारलं. आईनं सगळं सांगितलं. तू सांगितलं होतं ना, सगळं खरं सांग. ती म्हणाली की माझी सरिता पाच वर्षं ओट्यावर सुया देत होती, तिच्याकडं बघून शिकले, पेटी तिचीच, औषधं तिनंच आणलेली. अन् सांगताना साहेब, तिचा चेहरा उजळला होता. साहेब लिहिलं बघ चुकून, तिथलंच डोक्यात बसलंय. माझी पोर लई हुशार, तिच्या हातनं कुणाला कधी गाठसुद्धा आली नाय, कॉलेजात विचारा, असं वर सांगितलं. साहेबांनी कॉलेजचं नाव विचारलं, तिनं तेबी सांगितलं. मी तिचा पदर ओढला. तिला कळलंच नाय कशापायी ओढतोय.

तू अन् ती वेगळं करत होतात, हे मी साहेबांना समजवायला गेलो. तुला येत होतं, तिला येत नव्हतं. ते म्हणाले की कागदावर दोन्ही एकच.

आईवर गुन्हा लागलाय, रात्री घरी सोडलं, आज सकाळी पुन्हा बोलावलं. ती डबा घेऊन गेली. मला वाटतं तिला वाटतंय की तुझी जबर तारीफ करून आली.

आता ऐक. कॉलेजला ते चौकशीला जाणार, पण सरकारी काम हाय, आज जातील का चार दिवसांनी, कुणास ठाऊक. उद्या तुझा पेपर. मोनिका आज दुपारच्या जीपनं निघती, तिच्याकडं हे देतोय. तू कुणाला काही विचारू नको, मेट्रनसमोर जाऊ नको, सकाळी जाऊन पेपरला बस. लिहिलेला पेपर कुणी पुसत नाय. पुढचं पुढं बघू, मी कंपनीत लागतो, खरंच लागतो, वकील

ताई, जीप थांबल्याचा आवाज आला म्हणून उठलो, मोनिका पत्र न्यायला आली असं वाटलं. खिडकीतून बघतोय. कॉलेजच्या पांढऱ्या कपड्यात तू उतरलीस. ड्रायव्हर टपावरून तुझी ट्रंक काढून देतोय. होस्टेलची गादी गुंडाळून तू डोक्यावर घेतलीस, अन् गल्लीत कुणाकडं न बघता चालत येतेस.

थांबतो. गादी उतरवून घ्यायला पाहिजे.