निव्वळ वजन

२९ डिसेंबर, सोमवार
डॉक्टर मॅडमकडे गेलो होतो. गेलो म्हणजे हिने नेलं. साखर बॉर्डरवर आहे म्हणे. वजन त्यांच्या काट्यावर ८४.५. जुना डायलचा काटा आहे, पण शहाणा आहे. माझ्या काट्याशी शंभर ग्रॅमचा फरक, तेवढा माफ.

मॅडम म्हणाल्या, ३१ जानेवारीपर्यंत तीन किलो उतरवा, उतरलं तर बघू, नाहीतर गोळी सुरू. गोळी. म्हणजे मी मेव्हण्याच्या पंक्तीला. अरविंद सहा वर्षं जेवायच्या आधी खिशातून प्लास्टिकची डबी काढतो, खुळखुळवतो आणि सगळ्यांनी बघितल्याशिवाय झाकण उघडत नाही. बघून भूक मरते.

घरी येताना गीतांजलीला समजावलं की मॅडमचं बोलणं एकट्या माझ्याबद्दल नव्हतं, घराच्याच सवयी बिघडल्यात. ही म्हणाली, नाव तर तुमचंच घेतलं त्यांनी. हिच्या बाबांच्या पायाचं बोट साखरेने गेलं, तेव्हापासून साखरेचा विषय निघाला की ही उगाच पदराला हात पुसत राहते.

१ जानेवारी, गुरुवार, सकाळी ७
नवीन वर्ष. घराची सूत्रं हातात घेतली.

वर्कशॉपमधला प्लॅटफॉर्म काटा आणून हॉलमध्ये शोकेसच्या शेजारी बसवला. दीडशे किलोपर्यंत तोलतो, वीस ग्रॅमचाही फरक दाखवतो. सव्वीस वर्षं काटे दुरुस्त करतोय. दहावीनंतर एकही वर्ग केला नाही, जे आलं ते उघडून, बिघडवून, परत जोडून आलं. वाशीपासून पनवेलपर्यंत माझा हात लागलेला काटा खोटं बोलत नाही.

दर रविवारी सात वाजता तिघांचं वजन. आजची नोंद: मी ८४.६०, गीतांजली ६८.४२, मैत्री ५७.१०. माझं लक्ष्य ८१.६०. मैत्री नेरुळच्या कॉलेजात आहे, तिला सगळ्यावर बोलायचं असतं. म्हणाली, बाबा, आपल्या हॉलमध्ये कोंबडीचं दुकान टाकल्यासारखं वाटतंय. दुर्लक्ष केलं.

साखर बंद. तळण बंद. रात्री भात बंद. सकाळी दुधीचा रस. तो आज प्यायलो. भिजलेल्या पुठ्ठ्याची चव. ही आणि मैत्री गटागट प्यायल्या आणि पेला विसळायला गेल्या, जणू काही घडलंच नाही.

४ जानेवारी, रविवार
मी ८४.७४. गीतांजली ६८.१०. मैत्री ५६.८८.
पहिल्या आठवड्यात शरीर गोंधळतं. नोंद घेतली, चिंता केली नाही.

मैत्रीने रात्री कसल्या तरी बिया भिजत घातल्या होत्या. सकाळी बेडकाच्या अंड्यांसारख्या फुगल्या. तिने त्या दह्यात घालून खाल्ल्या आणि मला विचारलं, देऊ का. मी पेपर डोळ्यांसमोर धरला.

७ जानेवारी, बुधवार
जानेवारी म्हणजे स्टॅम्पिंगची घाई. सगळ्या दुकानदारांना सरकारी शिक्का याच महिन्यात आठवतो आणि शिक्क्याआधी काटा माझ्याकडून तपासून घ्यावा लागतो. आज शिरवण्याला भगवानशेठच्या फरसाण कारखान्यात सात काटे केले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पितळी वजनांनी काटा लावला की शेवटी दुकानातला माल ठेवून बघायचा. आणि मेकॅनिकच्या काट्यावर चढलेला माल परत बरणीत जात नाही, तो मेकॅनिकचा. जुने लोक पाळायचे, भगवानशेठही पाळतात. सात काटे म्हणजे पापडी, गाठी, तिखट शेव, भावनगरी, चिवडा, शंकरपाळे आणि पुन्हा पापडी. प्रत्येकी शंभर ग्रॅम. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. शिवाय हे खाणं नव्हे, ही चाचणीची शेवटची पायरी आहे. म्हणून आहारात धरलेलं नाही.

घरी आल्यावर रात्री फक्त एक भाकरी आणि पालेभाजी. संयम हा शेवटी मनाचा विषय आहे.

११ जानेवारी, रविवार
मी ८५.३०. त्या दोघी पुन्हा खाली. गीतांजली ६७.५६.

मैत्री म्हणाली, बाबा, काटा बिघडला असेल. हे वाक्य माझ्या घरात, माझ्या मुलीने. दहा वाजता वर्कशॉप उघडून वीस-वीस किलोची चार लोखंडी वजनं आणली. लिफ्ट बंद होती, चार मजले चार खेपा. सोसायटीचा सेक्रेटरी जिन्यात उभा राहून विचारत होता, जिम काढताय का. काट्यावर चारही ठेवली. ८०.००. एक आकडा इकडेतिकडे नाही. डोळे भरून पाहिलं.

काटा बरोबर आहे. चूक मोजण्याच्या पद्धतीत आहे. ट्रक तोलतात तेव्हा गाडीचं वजन वजा करतात; माणूस तोलताना कुणी काही वजा करत नाही. हा अडाणीपणा आहे. यापुढे ढोबळ वजन आणि निव्वळ वजन वेगळं लिहायचं.

ढोबळ ८५.३०. वजा कपडे ०.६०, कालचं न पचलेलं जेवण ०.८०, पाणी ०.५०. निव्वळ ८३.४०.

म्हणजे दहा दिवसांत सव्वा किलो उतरलो. हिला दाखवलं. हिने वही हातात घेतली, नीट वाचली आणि विचारलं, मग माझंही पाणी वजा करा की. बायकांना शास्त्रात सवलत हवी असते.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. घरात तीळगूळ करायचा नाही असं सांगितलं होतं. केला नाही. हिने गाजराचे काप वाटले. शेजारणींनी ते तोंडात धरून माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती विसरणार नाही.

दिवसभर मात्र कामोठ्यात तीन मिठाईवाल्यांचे काटे होते. तिळाची वडी, तिळाचे लाडू, चिक्की. तीळ उष्ण असतो, चरबी जाळतो.

संध्याकाळी अरविंद उरणहून आला. तिथल्या मोरा बंदरावरून ताजा पापलेट आणला होता. हिने तो तव्यावर नुसता शेकला, तेलाचा थेंब नाही. अरविंदने डबी खुळखुळवली, गोळी घेतली आणि वर दोन तुकडे खाल्ले. मला म्हणाला, दाजी, तुमचा चेहरा भरलाय, मानवतंय तुम्हाला. याला मी उरणपर्यंत पायी पाठवायला हवं होतं. हा माणूस स्वतः गोळीवर जगतो आणि दुसऱ्याचा चेहरा बघतो.

१६ जानेवारी, शुक्रवार, सकाळी ६.१०
चालायला गेलो. सेक्टरच्या उद्यानात. पुन्हा जाणार नाही. एक गृहस्थ उलटे चालत होते, ते माझ्यावर आदळले. दुसरे टाळ्या पिटत होते, प्रत्येक पाचव्या टाळीला थुंकत होते. चौघी बायका मोबाईलवर भजन लावून सासवांबद्दल बोलत होत्या. बाकाजवळ सगळे रांगेत कारल्याचा रस घेत होते, एकाच फडक्याने पेले पुसले जात होते. आरोग्य म्हणजे हे असेल तर आजार जास्त स्वच्छ आहे.

दीड फेरी झाली. ४१० पावलं. लोकांनी अडवलं नसतं तर तीन हजार झाली असती.

१८ जानेवारी, रविवार
ढोबळ ८५.८२. आधीची कपात १.९०. त्यात नवीन कपात १.२०, कारण माझी हाडं भरीव आहेत. लहानपणी वडिलांनी म्हशीचं दूध पाजलं. निव्वळ ८२.७२.

गीतांजली ६६.९०. मैत्री ५६.२०. मैत्री आता धावायला जाते. हिची गुडघेदुखी कमी झाली म्हणे. आपली योजना लागू पडते आहे. आभार कुणी मानले नाहीत.

२१ जानेवारी, बुधवार
शिरवण्याच्या बाजारात बयाबाईचा काटा. सुकी मासळी विकते, पंचवीस वर्षांची गिऱ्हाईक. काटा लावला, शेवटी सुक्या कोळंबीचे सोडे ठेवून बघितले. रीतीप्रमाणे पुडी माझी. वर तिने भाकरी आणि सोड्याचं कालवण समोर ठेवलं. तिथल्या वासात बसून खाणं सोपं नाही, पण खाल्लं, दोनदा वाढून घेतलं.

उठताना तिच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय फाकला. बयाबाई म्हणाली, खुर्ची नवीन हाय माजी, तुमीच जड झालाव दादा, काटा काय लोकांचाच बगता. बाजार हसला. मी सांगितलं, निव्वळ काढलं तर मी ब्याऐंशी आहे. तिला ते कळलं नाही. ती म्हणाली, मंग बाकीचा कोन बसला व्हता?

२४ जानेवारी, शनिवार
हिने कपडे धुवायला काढताना माझ्या पाच शर्टांचे खिसे उलटे केले. ओट्यावर पेपर पसरून त्यावर ढीग मांडला: पापडीचा चुरा, शेव, तीळ, सोड्याची शेपटं, शंकरपाळ्याचा कोपरा. ढिगाशेजारी उभी राहून पदराला हात पुसत होती.

मी चाचणीची रीत सांगितली, जुनी माणसं सांगितली, भगवानशेठचं मन सांगितलं. ही म्हणाली, अहो, बाबापण रीतीलाच धरून खायचे, कुणाकडे गेलं की नाही म्हणायचं नाही. मग पेपर गुंडाळून कचऱ्यात टाकला. चांगली शेव होती त्यात.

२५ जानेवारी, रविवार
ढोबळ ८६.२४. कपात: आधीची ३.१०, थंडीत अंगाने धरलेला ओलावा ०.६०, हिने काल दिलेल्या मानसिक त्रासाचे ०.९०. निव्वळ ८१.६४.

चाळीस ग्रॅम राहिले. केस कापले की झालं.

३१ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी ८
सविस्तर लिहितो, कारण नंतर लोक काहीही सांगतील.

सकाळी केस कापले. घरच्या काट्यावर ढोबळ ८६.३०. न्हाव्याने नीट कापले नाहीत.

साडेपाचला मॅडमकडे. ही बरोबर. दवाखान्याला नुकताच रंग दिलाय, काटा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलाय. बाहेर बाकावर चौघं. त्यातले एक जाडसर गृहस्थ हिला सांगत होते की दहा दिवसांत पाच किलो उतरलं, नुसत्या जवसाच्या चटणीवर.

मी काट्यावर उभा राहिलो. सुई थांबली ८१.३ वर.

मॅडम वाकून बघून म्हणाल्या, अरे वा, तीन किलोच्या वर, गोळी नको, तीन महिन्यांनी भेटा. मला माझ्या कपातीच्या पद्धतीबद्दल जे वाटलं ते शब्दांत येणार नाही. हिच्याकडे बघितलं. हिचा चेहरा उतरला होता. सकाळचा ८६.३० हिनेच वहीत लिहिला होता.

मी खाली उतरलो. उतरताना सवयीने मागे बघितलं. रिकाम्या काट्याची सुई शून्यावर नव्हती. शून्याच्या मागे पाच घरं लोंबत होती.

तिथून बाहेर पडायला दहा पावलं होती. मॅडम पुढच्या पेशंटची फाईल उघडत होत्या. पण सव्वीस वर्षांत अशा सुईकडे पाठ फिरवून मी कुठून बाहेर पडलेलो नाही. ओकारी येते मला तसल्या काट्याची. खिशातून स्क्रू ड्रायव्हर कधी निघाला ते कळलं नाही. मॅडमना म्हटलं, हा काटा पाच किलो खातो, रंगाऱ्याने उचलताना मागचा स्क्रू फिरलाय. गुडघ्यावर बसून सुई शून्यावर आणली. खात्री करायला प्रमाणित वजन हवं. हिला उभं केलं. हिचं सकाळचं माझ्या काट्यावर ६६.१०. इथे सुई सहासष्टच्या किंचित पुढे. बरोबर.

मॅडमनी थँक यू म्हटलं. मग म्हणाल्या, आता तुम्ही उभे राहा.

८६.३.

बाकावरचे गृहस्थ दारात येऊन बघत होते. त्यांना म्हटलं, तुम्हीही परत करून घ्या. ते न करता घरी गेले.

मॅडमनी गोळीची चिठ्ठी लिहिली. सोमवारी रक्त द्यायचं आहे. रस्त्यात मी हिच्या बोलण्याची वाट बघत होतो. सिग्नलला ही म्हणाली, बरं केलंत, तुम्ही नसतं सांगितलं तर मी सांगणार होते. मी म्हटलं, तुला सुई कुठे दिसली असती. ही म्हणाली, मला तुम्ही दिसत होतात.

१ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८.२०
रोज अर्धी गोळी, नाश्त्यानंतर.

गोळी पांढरी, मध्ये रेघ. रेघेवरच तोडली. दोन्ही तुकडे सारखे झाले नाहीत. डावा स्पष्ट मोठा आहे. कंपनीला साधी रेघ मध्यावर मारता येत नाही आणि हे लोक औषधं विकतात. घरचा काटा वीस ग्रॅमच्या खाली बोलत नाही. हिला विचारलं, कुठला घेऊ. ही पाण्याचा पेला धरून कधीची उभी होती.

मोठा घेतला.