चौथं गाणं

माय, तुझी शेवटची गाणी तबकडीवर भरली त्या दिवसाचं एक तुला सांगायचं राहिलंय.

निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मुरूमच्या बाजारात, भूमच्या जत्रेत तू गायला उभी राहिलीस की भोंगा लागत नसे. रेकॉर्ड कंपनीनं तुझ्या तबकड्या आधीही काढल्या होत्या, पण त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. या खेपेला तू प्रवासाला नाही म्हणालीस आणि कंपनीचे साहेबच यंत्र घेऊन तुळजापूरला आले. मला पहिली शंका तिथंच आली. कंपनी एवढी वाकते कशाला?

दुसरी शंका पेटीवाल्या मामांची, नात्यानं नव्हे, नुसते म्हणायचे मामा. वीस वर्षं तुझ्या साथीला पेटी वाजवणारा माणूस, पण त्या महिन्यात त्यांनी तुझी पट्टी काळी चारवरून काळी एकवर, पार खालच्या सुरात, उतरवली. रोज तांब्यातून कसलातरी काढा आणायचे आणि तू मुकाट प्यायचीस. विचारलं तर म्हणायचे, "औषध हाय पोरी, गळ्याला बरं." आवाज तर दिवसेंदिवस बसत चाललेला. गाणाऱ्याला शेंदूर चारून आवाज घालवतात, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. त्यात मामांची सख्खी भाची नुकतीच गायला लागली होती. मी सगळं जुळवलं. तुला सांगितलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस, हात न थांबवता म्हणालीस, "लई इचार करतीस तू. झील नीट धर, तेवढं बघ."

शाळेच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. सकाळभरात तीन गाणी झाली. मी मागं उभी राहून झील धरतेय, तुझी ओळ उचलून ओढतेय, पण डोळे मामांवर. चौथ्या गाण्याआधी तू पायरीवर जाऊन बसलीस, मामा साहेबांशी हळू आवाजात बोलत उभे राहिले. मी तांब्या उचलला आणि काढा भिंतीच्या कडेला ओतून दिला. शेंदूर काही दिसला नाही. मी म्हटलं, विरघळला असेल.

चौथं गाणं पहिल्याच अंतऱ्याला तुटलं. तू पुन्हा धरलंस, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा साहेबांनीच हात वर केला. मामांनी रिकाम्या तांब्यात पाहिलं, मग माझ्याकडं. "बाईंना दम लागलाय," एवढंच बोलले. दुसऱ्या तबकडीच्या मागच्या बाजूला कंपनीनं तुझं जुनंच गाणं घातलं.

चार महिन्यांत तू गेलीस. तेराव्याला मामा आले तर मी त्यांना उंबऱ्यातच अडवलं, शेंदराचं चारचौघांत बोलले. ते उभ्याउभ्या म्हणाले, "सोलापूरच्या डॉक्टरनं गळ्यात गाठ सांगितली हुती. बाईंनीच शपथ घातली, पोरीला कळू द्यायचं न्हाय, झील धरताना रडंल. काढ्यानं घटकाभर गळा सुटायचा, म्हनून द्यायचो. साहेबास्नी ठाव हुतं, म्हनून तर ते हितं आले."

मी तरीही सोलापूरला जाऊन डॉक्टरला विचारून आले. मगच मामांच्या पाया पडले. त्यांनी चहा पाजला, तांब्याचं नावही काढलं नाही.

आता मी तुझ्याहून म्हातारी झालेय. मनात येतं, तू मला सांगायला हवं होतंस. पण हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून खरं लिहिते. तू सांगितलं असतंस, तरी तेही मामांनीच तुझ्या तोंडून वदवलंय, असंच मी म्हणाले असते.